भिंतीवरची गाय

तपासणीला आलेल्या साहेबांनी पहिलीचं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "वाचा. मोठ्यानं वाचा."

वर्ग माझा होता. पोरं माझी. फळ्यावरचं अक्षर माझं. आणि मी त्याच फळ्यापुढं उभी राहून, माझ्याच पोरांसमोर, पहिलीतल्या पोरीसारखी वाचत होते.

साहेब माझ्या खुर्चीत बसलेले. शेजारच्या खुर्चीत शहरातल्या एका संस्थेच्या मॅडम. सुती साडी, गळ्यात चांदीचं काहीतरी जाड. त्यांच्या मागं एक तरुण मुलगी मोबाइल धरून उभी. सकाळपासून ती सगळ्याचे फोटो काढत होती. भिंतीचे, पोरांच्या पायांचे, खिचडीच्या पातेल्याचे. आमचे हेडमास्तर गुरुजी दारात, हात बांधून.

मी दोन ओळी वाचल्या असतील. साहेबांनी बोट वर केलं.

"पानी नाही. पाणी. परत."

मी परत वाचलं.

"लोनी काय? लोणी. ण म्हणा, बाई. ण."

मी ण म्हटला. हॉस्टेलात असताना हा ण मी आरशासमोर उभी राहून घोटून घोटून बसवला होता. त्या दिवशी तो जिभेवरून पळाला. भीतीनं पळाला, की लाजेनं, मला माहीत नाही.

मॅडम हसल्या नाहीत. शहरातली शिकलेली माणसं अशा वेळी हसत नाहीत. त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

साहेबांनी पुढच्या रांगेतल्या यमुनाला उभं केलं. विचारलं, तुझ्या बाई बरोबर वाचतात की चूक? यमुना पहिलीतली. तिनं माझ्याकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं. साहेबांनी परत विचारलं. ती आपली आपण खाली बसली आणि फ्रॉक ओढून गुडघे झाकून घेतले. सबंध वर्गात कोणी हसलं नाही. पोरं हसली असती तर बरं झालं असतं. ती घाबरली होती. आपल्या बाईंनाही कोणी तरी असं उभं करू शकतं, हे पोरांना त्या दिवशी कळलं.

"डी.एड. कुठून केलं?" साहेबांनी विचारलं.

मी सांगितलं.

"कोणत्या कोट्यातून?"

मी तेही सांगितलं.

"हं," साहेब म्हणाले.

पुढं काही बोलायची त्यांना गरजच नव्हती.

मी कोकणा आदिवासी. नाशिकच्या पश्चिमेला डोंगर सुरू होतात तिकडची. आमच्या बोलीला डांगाकडची कोकणी म्हणतात. गोव्याची कोकणी वेगळी, ही वेगळी. हे मी नेहमी सांगते, कारण शहरात दर वेळी हे सांगावंच लागतं. पाड्याचं नाव इथं घेत नाही. तालुक्याचंही नाही. नाव घेतलं तर त्रास तिथल्या बायांना होईल.

मी स्वतः पहिलीत गेले तेव्हा शाळेतले गुरुजी काय बोलतात ते मला कळत नव्हतं. गुरुजी वाईट नव्हते. मारत नव्हते. पण ते आमच्यातले नव्हते आणि त्यांचे शब्दही आमचे नव्हते. ते 'बसा' म्हणायचे तेव्हा सगळी बसली की मी बसायची. 'लिहा' म्हणायचे तेव्हा शेजारणीच्या पाटीकडं बघायची. एक वर्ष मी असं बघून बघून काढलं. गुरुजींनी आईला सांगितलं, पोरगी मंद आहे. आईनं ऐकून घेतलं. तिलाही 'मंद' म्हणजे काय ते कळलं नव्हतं. घरी येऊन तिनं मला जवळ घेतलं आणि म्हणाली, गुरुजी तुला चांगलं म्हणत होते.

तो शब्द मला नंतर आश्रमशाळेत कळला. तेव्हा आठवून रडले.

पुढं नाशिकला डी.एड.ला आले. हॉस्टेलातल्या मुलींनी माझ्या बोलण्याची नक्कल केली. सगळ्या वाईट नव्हत्या, पण नक्कल सगळ्यांनी केली. मी त्यांच्यासारखं बोलायला शिकले. इतकं चांगलं शिकले की सुटीत घरी गेले तर आई म्हणायची, तू बाहेरच्यांसारखी बोलतेस.

नोकरी लागली ती आमच्यासारख्याच पाड्यावर. कागदावर मला मराठी शिकवायची होती. मी छान, स्वच्छ, हॉस्टेलात कमावलेल्या भाषेत शिकवायला उभी राहिले. पोरं गप्प. मी गोष्ट सांगायची, पोरं गप्प. मी विचारायची, पोरं शेजाऱ्याच्या पाटीकडं बघायची. ते बघणं माझ्या ओळखीचं होतं.

एक दिवस एक पोरगी पायरीवर पडली. मी धावले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अठं ये." इथं ये. आमच्या घरातले शब्द. पोरीनं रडणं थांबवलं आणि माझ्याकडं बघत राहिली. मागून एकानं दुसऱ्याला हळूच सांगितलं, बाई आपल्यातली आहे. त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत पोरं बोलतच होती. कोणाच्या बकरीला पिलू झालं, कोणाचा बाप कामाला नाशिककडं द्राक्षांच्या बागेत गेला, कोणाच्या घरी नागली दळायला जातं नाही. तोपर्यंत मला वाटत होतं, ही पोरं मुकीच आहेत.

मग मी तसंच शिकवायला लागले. आधी त्यांचा शब्द. मग त्या शब्दातलं अक्षर. मग पुस्तकातला शब्द. पुस्तकात छत्री होती, आमच्याकडं इरलं. मी आधी इरलं शिकवायची, मग छत्री. पोरं दोन्ही शिकली. पाड्यावरच्या बायांना शाळेत बोलावलं. आधी येत नव्हत्या. शाळेत बोलावणं म्हणजे पोरानं काहीतरी केलं असणार, असं त्यांना वाटायचं. यमुनाची आई जानकी सगळ्यात आधी आली. तिचा हात चित्राचा. लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर पांढऱ्या रंगानं काढतात तसं तिनं आमच्या वर्गाच्या भिंतीवर काढलं. भाताचं खाचर, मोहाचं झाड, कोंबडी, गाय. बाकीच्या बायांनी बाकीचं भरलं. प्रत्येक चित्राखाली मी आमच्या बोलीतला शब्द लिहिला आणि त्याच्याखाली पुस्तकातला. सबंध भिंत भरली. पोरं मधल्या सुटीत भिंतीला नाक लावून वाचायची.

हे मला कोणी शिकवलं नव्हतं. कोणत्या प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं. मला फक्त एवढं माहीत होतं की पहिलीतलं ते एक वर्ष कसं जातं.

तीच भिंत साहेबांनी त्या दिवशी आल्या आल्या बघितली होती, म्हणून तर मला वाचायला उभं केलं. उठता उठता म्हणाले, शाळेत हे असलं गावठी चालणार नाही. पोरांना मुख्य प्रवाहात आणायचंय की जंगलातच ठेवायचंय? हेडमास्तरांना सांगितलं, भिंत रंगवून घ्या, बाईंना प्रमाण मराठीतच शिकवायला सांगा, तसं लेखी कळवतो. मॅडम जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "चित्रं सुंदर आहेत हं." मी त्यांना धन्यवाद म्हटलं. हो, म्हटलं. तोंडातून दुसरं काही निघालंच नाही.

आदेश आला. पाठोपाठ रंगारी आला. निळ्या रंगाचे डबे घेऊन. आम्ही वर्ग बाहेर झाडाखाली बसवला होता. पोरं वळून वळून बघत होती. बायांना कोणी सांगितलं कोण जाणे, त्या येऊन कुंपणाशी उभ्या राहिल्या. रंगारी भला माणूस होता. त्यानं गायीवर ब्रश ठेवायच्या आधी एकदा माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. त्यानं रंग मारला.

कोणी ओरडलं नाही. आमच्या बाया सरकारी माणसासमोर ओरडत नाहीत. जानकी बघत राहिली आणि मग कामाला निघून गेली. जाताना माझ्याशी बोलली नाही.

हेडमास्तर गुरुजी माझ्याजवळ आले. ते सटाण्याकडचे, शेतकऱ्याच्या घरातले, निवृत्तीला आलेले. मनातलं बोलायला लागले की त्यांच्या बोलण्यात अहिराणी येते. म्हणाले, "बाई, नोकरी शे ही. जपा हिला."

त्यांच्या तोंडून त्यांची बोली आली. तिच्यावर कोणी रंग मारला नव्हता. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही.

त्यानंतरचं वर्ष मी नोकरी जपली. म्हणजे काय केलं ते सांगते. मतदार याद्या केल्या. घरोघर फिरून माणसं मोजली, मग गुरं मोजली. खिचडीच्या तांदळाचा हिशेब रोज मोबाइलवर भरला. रेंज नाही म्हणून टेकडीवर चढून भरला. शौचालयाचे फोटो पाठवले. झाड लावतानाचा फोटो, हात धुतानाचा फोटो, शपथ घेतानाचा फोटो. वरून निरोप यायचा, फोटोत पोरं हसताना दिसली पाहिजेत. उरलेल्या वेळात शिकवलं. प्रमाण मराठीत. निळ्या भिंतीसमोर.

प्रशिक्षणं झाली. दर प्रशिक्षणात कोणीतरी शहरातलं माणूस येऊन सांगायचं की शिक्षक हा बदलाचा कणा आहे. आम्ही कणे खाली सतरंजीवर बसून ऐकायचो. शेवटी विचारायचे, काही सूचना? कोणी तरी सूचना करायचं. ते लिहून घ्यायचे. त्या सूचनांचं पुढं काय होतं हे मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. पहिली दोन-तीन वर्षं मी सूचना करायची. मग बंद केलं. सगळेच बंद करतात. नवीन लागलेली पोरं बोलतात आणि जुनी त्यांच्याकडं बघून हसतात. आमच्या खात्यात माणूस म्हातारा असा होतो.

वर्गात मात्र मी चोरून बोलायची. दार लोटून. बाहेर गाडीचा आवाज आला की 'इरलं'चं 'छत्री' करायची. पोरंही शिकली. गाडीचा आवाज आला की तीच मला खुणवायची, बाई, गाडी. मी पोरांना काय शिकवत होते? आपली भाषा लपवायची कशी, ते शिकवत होते.

मग एक दिवस त्या मोबाइलवाल्या मुलीचा फोन आला. नाशिकला गंगापूर रोडच्या एका मोठ्या हॉटेलात परिषद आहे. 'शिक्षक : बदलाचे शिल्पकार.' तुम्हाला बोलायला बोलावलंय. वरचं धोरण बदललं होतं. आता लहान पोरांना घरच्या भाषेतून शिकवायचं होतं. साहेबही आता त्याच बाजूचे झाले होते. मुलगी म्हणाली, एखादी विद्यार्थिनी आणा, तिच्या भाषेत गाणं म्हणेल. आणि मॅडमनी सांगितलंय, तुम्ही नेहमीची साडी नका नेसू, तुमच्याकडं गुडघ्यापर्यंत नेसतात ना, तशी नेसा.

मी नेहमीचीच साडी नेसले. पण गेले. खरं सांगते, आशा होती म्हणून गेले. वाटलं, आता तरी विचारतील. मनात सगळं जुळवलं. आम्हाला आमच्या बोलीतली पुस्तकं द्या. दोन वर्गांना एक बाई, असं करू नका. शाळेच्या वेळात माणसं मोजायला पाठवू नका. बसमध्ये बसल्या बसल्या मी हे पुन्हा पुन्हा मनात म्हणत होते. सोबत यमुना आणि जानकी. जानकी तिच्या नेहमीच्या लुगड्यात, खांद्यावर फडकी. नाशिक ती पहिल्यांदा बघणार होती, वाटभर खिडकीबाहेरच नजर. यमुना मात्र घाट ओलांडून शहरात शिरेपर्यंत गाणं म्हणत होती.

हॉटेलच्या दारात गार्डनं जानकीला अडवलं. "मावशी, कामाच्या बायकांनी मागच्या दारानं." त्याला वाटलं भांड्यांसाठी आली. मी म्हटलं, या माझ्यासोबत आहेत. त्यानं मला खालून वर बघितलं आणि सोडलं.

आत गारठा. एसीनं यमुना कुडकुडायला लागली. जानकीनं तिला फडकीत गुंडाळलं. आम्हाला शेवटच्या रांगेत बसवलं. ती मुलगी येऊन माझ्या हातात एक कागद देऊन गेली. तुम्ही एवढंच बोला, वेळ कमी आहे. चार वाक्यं छापलेली. मी माझ्या कामात पूर्ण समाधानी आहे. या बदलात माझाही खारीचा वाटा आहे. संस्थेने आम्हाला दिशा दिली. साहेबांचे मार्गदर्शन लाभले.

खारीचा वाटा. म्हणजे पूल कोणाचा ते आधीच ठरलेलं.

मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. मागं मोठा पडदा. पडद्यावर आमची भिंत आली.

पुसायच्या आधीची. त्या दिवशी मुलीनं काढलेला फोटो. खाचर, मोह, कोंबडी, गाय, खाली माझं अक्षर. कोपऱ्यात संस्थेचं चिन्ह. मॅडम म्हणाल्या, हे आमच्या टीमनं दुर्गम भागात डेव्हलप केलेलं मॉडेल आहे. टाळ्या. साहेब पहिल्या रांगेत. तेही टाळ्या वाजवत होते.

माझ्या शेजारी जानकी उभी राहिली. तिला कोणी सांगितलं नव्हतं की अशा ठिकाणी उभं राहायचं नसतं. पडद्याकडं हात करून ती मला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी,

"बाई, ही मनी गाय आहा."

माझी गाय आहे ही.

लोक वळले. हसले. प्रेमानं हसले, तेच तर. कोणी तरी टाळी वाजवली. साहेबांनी उठून माइक घेतला. "बघा, किती गोड भाषा आहे. आता याच शाळेच्या बाई बोलतील. बाई, तुम्हीही तुमच्या भाषेतच बोला. लोकांना गंमत वाटेल."

गंमत.

जानकी अजून उभीच होती. तिला कळत नव्हतं, लोक हसले का. तिनं विनोद केला नव्हता. तिनं हक्क सांगितला होता. शेजारी यमुना आईकडं बघत होती, मग माझ्याकडं. वर्गात साहेबांनी उभं केलं होतं तेव्हा बघत होती, तशीच.

मी स्टेजवर गेले. कागद दुमडून मुठीत धरला. मी त्यांच्याच भाषेत बोलले, स्वच्छ, कारण त्यांना गंमत वाटू द्यायची नव्हती. काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"ही गाय जानकीबाईंनी काढली. त्या मागच्या रांगेत उभ्या आहेत. ही भिंत आता नाही. साहेबांच्या आदेशानं तिच्यावर निळा रंग मारला. आज ज्या शिकवण्याला तुम्ही टाळ्या वाजवताय, ते केलं म्हणून मला माझ्या पोरांसमोर उभं करून वाचायला लावलं होतं. मी समाधानी नाही. आणि माझा वाटा खारीचा नाही. बदल आम्ही केला होता. तुम्ही तो पुसलात आणि त्याचा फोटो ठेवलात."

माइक बंद झाला. कोणी केला माहीत नाही. आणखी बोलायचं होतं, पुस्तकांचं, दोन वर्गांचं. ते राहून गेलं. मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता. साहेब मोबाइलमध्ये बघत होते. समोर जिल्ह्यातले कितीतरी शिक्षक बसलेले. त्यातल्या काहींना मी ओळखत होते. सगळ्यांनी माना खाली घातल्या. एकानंही टाळी वाजवली नाही. मघाशी मॅडमला वाजवली होती.

मी खाली उतरले. यमुनाला म्हटलं, गाणं म्हणायचं नाही. चला.

आम्ही जेवणाला थांबलो नाही. सीबीएस बसस्टँडवर येऊन वडापाव खाल्ला. बसमध्ये जानकीनं विचारलं, ते का हसले? मी जमेल तसं सांगितलं. तिनं यमुनाला मांडीवर आडवं केलं. मग म्हणाली, फोटोत गायीची शिंगं कापली त्यांनी. चौकटीत बसली नाहीत म्हणून अर्धीच घेतली.

लगेच कारणे दाखवा नोटीस आली. जाहीर सभेत वरिष्ठांची बदनामी, आदेशाचा भंग, विद्यार्थिनीला परवानगीशिवाय परत नेणं. गुरुजींकडून जबाब मागितला. त्यांनी लिहून दिलं की बाई वर्गात आदेश डावलून बोलीभाषेत शिकवत होत्या, मी समज दिली होती. स्वतः येऊन मला सांगितलं त्यांनी. म्हणाले, पेन्शनचं बघावं लागतं. मला त्यांची अडचण कळली. राग गेला नाही. अजून आहे.

शिक्षकांच्या बैठकीत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. बैठक सुटली की गाड्या लावल्यात तिथं कोणी तरी जवळ येतं, इकडंतिकडं बघतं आणि हळू आवाजात म्हणतं, बरं बोललात बाई. मी आता त्यांना धन्यवाद म्हणत नाही. म्हणते, आत म्हणा.

मॅडम पाड्यावर आल्या. या वेळी कॅमेरा नव्हता. चटईवर बसल्या, पाणी प्यायल्या. म्हणाल्या, गैरसमज झाला. तुम्ही आमच्या गटात या, पुस्तकं करू, तुमचं नाव घालू, चौकशीचंही मी बोलते. फक्त गैरसमज दूर झाला एवढं एकदा जाहीर सांगा. मी विचारलं, जानकीचं नाव घालणार? त्या म्हणाल्या, सगळ्यांची नावं कशी घालणार? मी विचारलं, पुस्तकात काय घ्यायचं ते कोण ठरवणार? त्या म्हणाल्या, तज्ज्ञांची समिती, पण तुमच्या सूचना नक्की घेऊ.

सूचना. मला हसू आलं. मी म्हटलं, मॅडम, तुमच्याजवळ फोटो आहे. त्याच्यावरच करा पुस्तक.

त्या दुखावून गेल्या. त्यांना खरंच वाटत होतं की त्या माझं भलं करायला आल्यात.

चौकशीला गेले. समोरचे अधिकारी वेगळे होते, सभ्य होते. चहा मागवला. म्हणाले, माफी लिहून द्या, आजच मिटवतो.

"काय चुकलं ते सांगा, त्याची लिहिते," मी म्हटलं.

"सभेत बोललात."

"बोलायलाच बोलावलं होतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला नोकरी नको आहे का?"

"हवी आहे. म्हणून तर बोलले."

त्यांनी पुढची तारीख दिली. ती झाली, त्याच्या पुढची दिली. चौकशी अजून चालू आहे. बदली होईल म्हणतात. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला टाकतील म्हणतात. पाड्यावर माझ्या जागी कोण येईल, मला माहीत नाही. ती बाई किंवा ते गुरुजी पोरांशी कोणत्या शब्दांत बोलतील, तेही माहीत नाही. या एका विचारानं मी खचते. बाकी कशानं नाही.

मला विचारतात, नोकरीत समाधान आहे का? पोरगी पहिल्यांदा आपणहून वाचते, त्या क्षणी आहे. तो क्षण मला कोणी दिलेला नाही, आणि तो सोडून उरलेल्या दिवसात समाधान शोधून सापडणार नाही. मी समाधानी आहे असं लिहून देणारे शिक्षक मला रोज भेटतात. ते खोटं लिहितात. त्या खोट्यावर वरची माणसं परिषदा भरवतात.

वर्गात दार लोटून बोलणं मी बंद केलंय. दार उघडं असतं. गाडीचा आवाज आला तरी उघडं असतं. पोरं खुणावतात, मी त्यांना सांगते, येऊ द्या.

माझ्या वर्गाबद्दल, माझ्या पोरांबद्दल, आम्हाला न विचारता ठरवलेली कोणतीही गोष्ट मी यापुढं गुपचूप राबवणार नाही. प्रत्येक आदेशावर लेखी विचारीन, हे कोणाला विचारून ठरवलं? उत्तर येईपर्यंत पोरांना कळेल तसंच शिकवीन. उत्तर आलं नाही तरी तसंच शिकवीन. इथं नाही ठेवलं तर जिथं टाकतील तिथं.

खुलासा मागतील. देईन.

माफीनामा मागतील. देणार नाही.